विजडम ते डिलन, मध्ये टपरी नाही

सायकलवर अमेरिकेत फिरून आले म्हटल्यावर ऑफिसात पहिला प्रश्न आला अस्वलांचा. दुसरा खर्चाचा. आमच्या सायकल ग्रुपमधल्या दोघी-तिघींनी मात्र बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, बाथरूमचं काय केलंत?" तिन्हींत खरा अवघड प्रश्न हाच होता आणि निघण्याआधी त्याचं उत्तर मला कुठेही मिळालं नव्हतं. म्हणून सगळं लिहून ठेवते आहे. ज्यांना तेवढंच उत्तर हवंय त्यांनी सरळ ११ जुलैवर उडी मारावी.

मी बावन्न वर्षांची. नाशिकला निमसरकारी नोकरी. सायकल हातात घेतली ती चाळिशी उलटल्यावर, गुडघे कुरकुरायला लागले म्हणून. रविवारी त्र्यंबकेश्वर, कधी कसारा घाट, आणि दोनदा नाशिक-पंढरपूर सायकल वारी. याहून मोठं काही नावावर नाही. भाचा बॉयझीला असतो, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात. त्याचंच हे खूळ. "मावशी, ट्रान्सॲमचा एक तुकडा करू या," असं तो दर दिवाळीला फोनवर म्हणायचा आणि मी "बघू" म्हणायचे.

ट्रान्सॲम म्हणजे अमेरिका आडवी ओलांडणारा सायकल-मार्ग. ओरेगनमधल्या अस्टोरियापासून व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनपर्यंत, ४,२०० मैलांहून जास्त. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा हजारो लोक सायकलने या वाटेवर निघाले आणि वाट कायमची झाली. पूर्ण करायला साधारण तीन महिने लागतात. एवढी अर्जित रजा मला सेवानिवृत्तीपर्यंत साठणार नाही. म्हणून आम्ही चार दिवसांचा तुकडा घेतला: मोंटाना राज्यातलं मिझुला ते डिलन, तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर.

आधी कागद. ऑक्टोबर २०२३ मध्ये डीएस-१६० फॉर्म भरला आणि व्हिसाची फी भरली, १८५ डॉलर, तेव्हाच्या हिशेबाने साडेपंधरा हजारांच्या आसपास. तारखा बघितल्या तर थेट पुढच्या वर्षाच्या शेवटच्या. मिळाली ती तारीख घेऊन ठेवली आणि रोज सकाळी दूध तापवताना एकदा पोर्टल उघडायचं असा नेम केला. फार वेळा उघडलं तर खातं काही तासांसाठी बंद होतं, हे एकदा अनुभवलं. फेब्रुवारीत एका सकाळी एप्रिलची तारीख दिसली आणि दूध उतू गेलं. आधी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी मुंबईला बीकेसीत मुलाखत. दोन तास रांग, तीन मिनिटं प्रश्न. काय करणार विचारल्यावर मी खरं ते सांगितलं: भाच्याकडे राहणार आणि मोंटानात सायकल चालवणार. अधिकारी हसून म्हणाला, "मोंटाना फार मोठं आहे हं." झालं.

त्याहून जास्त दम काढला तो आमच्याच कार्यालयातल्या ना हरकत प्रमाणपत्राने. अर्जात "प्रवासाचे प्रयोजन" या रकान्यात मी "सायकल प्रवास" असं लिहिलं होतं. अठराव्या दिवशी अर्ज परत: "प्रयोजन स्पष्ट करावे." मी खोडून "नातेवाइकांची भेट" लिहिलं, मग तो सरळ पुढच्या टेबलावर गेला. एकूण ४७ दिवस. नोकरदारांनी हे काम व्हिसाच्या आधी सुरू करावं, आणि प्रयोजन शक्य तितकं कंटाळवाणं लिहावं.

प्रवासविम्याचं पत्रक चष्मा लावून वाचा. "साहसी खेळ वगळून" हे वाक्य बहुतेक ठिकाणी असतं आणि त्यात सायकल येते की नाही ते कुठेच लिहिलेलं नसतं. मी ईमेलवर विचारलं, स्पर्धा नसलेली सायकल चालेल असं लेखी उत्तर घेतलं, त्याची प्रत पासपोर्टसोबत ठेवली. चार आठवड्यांचे साडेपाच हजार.

सायकल नेली नाही, भाच्याकडे जादाची होती. पण सीट आणि पेडल माझीच नेली. ज्या सीटवर शरीर दहा वर्षं बसलंय ती बदलून रोज शंभर किलोमीटर करण्यात शहाणपणा नाही. पेडल काढताना एक लक्षात ठेवा: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, नेहमीच्या दिशेने जोर लावला तर ते आणखी घट्ट बसतं. सीटची उंची मोजायला नाडी घेतली, पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत ताणून गाठ मारली आणि पर्समध्ये टाकली. विमानतळावर तपासणीत ती नाडी कोणाला कळली नाही, मीही समजावत बसले नाही.

२ जुलै २०२४ ला निघाले. बॉयझीत चार दिवस झोप, उलटसुलट घड्याळ आणि सराव. सराव दमाचा नव्हता, डाव्या-उजव्याचा होता. तिकडे उजवीकडून चालवायचं, आणि भाच्याच्या सायकलला पुढचा ब्रेक डाव्या हाताला! माझ्या नाशिकच्या सायकलला तो उजव्या हाताला आहे. उतारावर घाबरून सवयीचा हात दाबला की काय होईल, ते रिकाम्या पार्किंगमध्ये दोन संध्याकाळी दाबून बघितलं. भाचेसून दारात उभी राहून हसत होती. ही भाचेसून चौथ्या दिवशी डिलनला गाडी घेऊन येणार होती. ती नसती तर परतीचं गणित जमलंच नसतं, कारण त्या भागात सायकलीसकट परत येणं हा वेगळाच उद्योग आहे.

भाड्याच्या गाडीत सायकली टाकून ७ तारखेला मिझुला गाठलं. अस्वलांसाठीचा फवारा तिथेच घेतला, ४५ डॉलर. तो विमानात नेता येत नाही, अगदी सामानातसुद्धा. घेतल्यावर खटका कसा काढायचा ते दुकानातच बघून घ्या, आणि बॅगेत ठेवू नका. अस्वल काही चेन उघडेपर्यंत थांबणार नाही. मी हँडलला बांधला. चारही दिवसांत अस्वल दिसलं नाही, हे आताच सांगून टाकते.

सोमवारी, ८ जुलैला, या मार्गाचे नकाशे काढणाऱ्या अ‍ॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशनच्या कचेरीत गेलो. येणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराला तेव्हा तिथे आइस्क्रीम देत आणि फोटो काढून भिंतीवर लावत. कुठून आलात विचारल्यावर मी नाशिक म्हटलं. स्पेलिंग तीनदा सांगावं लागलं.

पहिले दोन दिवस भराभर सांगते. मिझुलापासून हॅमिल्टनपर्यंत महामार्गाला समांतर सायकलची वेगळी डांबरी वाट आहे, घरच्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सुलापर्यंत ऊन, नदी, पाइन. तिसऱ्या दिवशी घाट. लॉस्ट ट्रेल पास ७,०१४ फूट आणि तिथून थोडंसंच वर चीफ जोसेफ पास, ७,२४१ फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे घाटात ज्या वळणावर मी थांबून "आता पुरे" म्हणाले ते बहुधा कळसूबाईच्याही वर होतं. सर्वांत छोट्या गिअरवर ताशी सहा किलोमीटर. कसारा घाटाशी तुलना केली तर चढ तसा सोसण्यासारखा, पण हवा विरळ. पायांआधी छाती भरून येते. दर वीस मिनिटांनी थांबायचं असं ठरवूनच चढले.

घाट उतरून विजडमकडे जाताना, गावाच्या दहा मैल अलीकडे, बिग होलची रणभूमी लागते. ९ ऑगस्ट १८७७ च्या पहाटे अमेरिकी सैन्याने नेझ पर्स या मूळनिवासी जमातीच्या झोपलेल्या तळावर इथे हल्ला केला. सरकारने दिलेल्या राखीव जमिनीत कोंडून घ्यायला नकार देऊन ते निघाले होते. साठ ते नव्वद नेझ पर्स मारले गेले, त्यांत बायका-मुलं फार. वाचलेले पुढे कॅनडाच्या दिशेने चालत राहिले आणि सरहद्द चाळीस मैलांवर असताना, ऑक्टोबरात, त्यांना शरण जावं लागलं. तळ होता त्या कुरणात आज त्यांच्या तंबूंचे नुसते वासे उभे करून ठेवलेत, कापड नसलेले. मी खालपर्यंत चालत गेले नाही. वरूनच बघितलं. दुसऱ्या दिवशी मात्र ते वासे वारंवार आठवत राहिले, कारण ज्याला आम्ही दिवसभर "काय मोकळा मुलूख आहे" म्हणत होतो तो मोकळा कसा झाला ते आदल्या संध्याकाळी पाहून आलो होतो.

विजडम. शहाणपण नावाचं गाव, वस्ती शंभराच्या आतबाहेर. १८०५ मध्ये अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेले लुइस आणि क्लार्क या मुलखातून गेले तेव्हा त्यांनी राष्ट्राध्यक्ष जेफर्सनच्या गुणांवरून तीन नद्यांना नावं दिली, त्यातली एक विजडम. पुढे नदी बिग होल झाली, गावाकडे नाव राहिलं. गावात पोचताच त्याचा उपयोग काय ते कळलं नाही, कारण डासांनी बोलूच दिलं नाही. डास म्हणजे साधेसुधे नव्हेत, लेगिंगमधून चावणारे. इथले रँचवाले (मोठ्या जमिनीवर गुरं पाळणारे) जून-जुलैत वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटांनी सोडून गवताची कुरणं अक्षरशः भिजत ठेवतात, वर्षाकाठी गवताचं एकच पीक निघतं ते त्याच्यावर. आमच्याकडे निफाडला पाटाला पाणी सुटलं की डास वाढायचे, तेच इथे, फक्त शंभरपट. डोक्यावरून घ्यायची जाळी दहा डॉलरला मिळाली. घ्याच. वासाने अस्वल येऊ नये म्हणून रात्री खाणं, टूथपेस्ट, क्रीम, काही तंबूत ठेवायचं नाही. वास असलेली प्रत्येक वस्तू एका पिशवीत घालून लांब, लोखंडी पेटीत. माझी खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा तिकडेच गेली.

आता ११ जुलै, गुरुवार. विजडम ते डिलन, ६६ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. वाटेत जॅक्सन नावाचं मूठभर घरांचं गाव १८ मैलांवर. त्यानंतर ४८ मैल काही नाही. नकाशावर खरोखरच लिहिलेलं होतं की मध्ये पाणी मिळत नाही. मला चढाची भीती नव्हती, आदल्या दिवशीचा घाट मोठा होता. भीती या ४८ मैलांची होती. नाशिकहून कुठेही निघा, दर पाच किलोमीटरवर टपरी असते. चहा प्यायचा नसला तरी ती असते. पंक्चर झालं तर दहा माणसं जमतात, त्यातली आठ सल्ला देतात. इथे सल्ला द्यायलाही कोणी नाही.

पहाटे पाचला उठलो तेव्हा तापमान पाच अंश. होय, जुलैत. त्या खोऱ्याची उंची सहा हजार फुटांवर आहे, रात्री आकाश मोकळं असलं की सगळी ऊब निघून जाते. बोटं वाकेनात, तंबूवरचं दव पुसता पुसता पंचा ओला झाला. एक बरं, थंडीने डासही गारठले होते. पावणेसातला निघालो. एवढ्या लवकर निघण्याचं कारण दुपार: एकनंतर वारा उठतो आणि ढग चढतात.

जॅक्सनपर्यंतचे अठरा मैल म्हणजे सपाट ताट. उजवीकडे बीव्हरहेड डोंगररांग, त्यांच्या पाठीमागे आयडाहो; डावीकडे पायोनिअर डोंगर; दोन्हींवर जुलैतही बर्फाचे ठिपके. मध्ये गवत, गवत, आणि गवत. या खोऱ्याला दहा हजार गंजींचं खोरं म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा कापणी सुरू व्हायची होती, पण मागच्या वर्षीच्या गंजी काही कुरणांत उभ्या होत्या, पावाच्या लादीसारख्या, दुमजली घराएवढ्या. आणि त्यांच्यामध्ये लाकडाची प्रचंड तिरकी घसरगुंडी, जणू राक्षसांच्या पोरांसाठी केलेली. तिला बीव्हरस्लाइड म्हणतात. गवत मोठ्या दाताळ्यावर घेऊन दोराने त्या उतारावरून वर ओढायचं आणि माथ्यावरून पलीकडे टाकायचं, की गंज आपोआप रचली जाते. याच खोऱ्यातल्या दोन रँचवाल्यांनी १९१० च्या सुमारास हे काढलं, अजूनही काहीजण वापरतात. लहानपणी कडब्याची वळई रचताना मी वरून पेंढ्या झेलायचे, म्हणून तिथे अर्धा तास घालवला. भाचा घड्याळ दाखवत होता.

रँच म्हणजे काय ते इथे कळतं. शेत नव्हे, आणि नुसतं कुरणही नव्हे. मैल-मैल काटेरी तार, मग अचानक दोन उंच खांबांवर आडवा ओंडका, त्यावर त्या घराण्याची खूण लोखंडात कापून टांगलेली. हीच खूण गुरांच्या अंगावर डाग देऊन उमटवतात. घर मात्र दिसतच नाही. फाटकातून मातीचा रस्ता आत जातो आणि टेकडीमागे नाहीसा होतो. तारेच्या खांबांना कुठे कुठे भडक नारिंगी रंग फासलेला. मला वाटलं सर्वेक्षणाच्या खुणा. भाच्याने सांगितलं, मोंटानाच्या कायद्यात या रंगाचा अर्थ "परवानगीशिवाय आत यायचं नाही" असा आहे. म्हणजे शंभर किलोमीटर मोकळं दिसतं, पण आपल्या वाट्याला रस्ता आणि तारेपर्यंतची दोन-चार मीटरची पट्टी. बसायचं तिथेच, जेवायचं तिथेच.

आणि बाकीचंही तिथेच. तर तो प्रश्न.

जॅक्सनला सव्वानऊला पोचलो. कॉफी, अंडी, टोस्ट. दोघांचे टिप धरून ३१ डॉलर, आणि स्वच्छ स्वच्छतागृह. निघण्याआधी पुन्हा जाऊन या, गरज नसली तरी. या गावात गरम पाण्याचा झरा आहे. १८०६ च्या जुलैत क्लार्कने त्यात मांस शिजवून बघितलं होतं, तीन बोटांएवढा तुकडा पंचवीस मिनिटांत शिजला असं त्याने लिहून ठेवलंय. आमच्या वज्रेश्वरीला लोक तांदळाची पुरचुंडी सोडायचे त्यातलाच प्रकार. पाणी भरलं, माणशी साडेपाच लिटर. साडेपाच लिटर म्हणजे साडेपाच किलो, हे चढावर कळतं.

जॅक्सननंतर रस्ता पूर्वेला वळून बिग होल पास चढतो. साडेसात हजारांच्या जरा खाली माथा. चढ सुरू व्हायच्या आधी समोरून काळी भिंत सरकत येताना दिसली. गाई. काळ्या अँगस, वासरांसकट, दोनशे तरी असतील, पूर्ण रस्ता भरून. मागे दोन घोडेस्वार, एक मुलगी चार चाकांच्या मोटारसायकलवर, आणि दोन कुत्री. आम्ही उतरून सायकली तारेला टेकवल्या. पुढच्या गाई आम्हाला बघून थबकल्या. मागच्या ढकलू लागल्या. घोड्यावरच्या माणसाने ओरडून सांगितलं, बोला, काहीतरी बोलत राहा! सायकल आवाज करत नाही, आणि हेल्मेट घातलेला मुका प्राणी त्यांना माणूस वाटत नाही. बोला काय? माझ्या तोंडून आपोआप निघालं ते निफाडच्या गोठ्यातलं: "हो गं बाई, चल, चल माझी माय, काही नाही करत." पुढच्या गाईने कान फिरवले आणि चालू लागली. दोनशे गाई आमच्यापासून हाताच्या अंतरावरून गेल्या, पंधरा मिनिटं लागली. भाच्याने व्हिडिओ काढला नाही, म्हणाला हात थरथरत होते. शेवटच्या घोडेस्वाराने टोपीला बोट लावलं आणि विचारलं, कोणती भाषा? मराठी, म्हटलं. गाईंना समजली, म्हणाला.

चढाला दीड तास लागला. माथ्यावर झाडं आहेत, सावली आहे, पहिली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच. (दशम्या भाचेसुनेच्या हातच्या, दुधातल्या, चौथ्या दिवशीही मऊ. नंतर टॉर्टिलाला पीनट बटर लावून खावं लागलं, ते पोटात जातं एवढंच.) उतरताना मात्र झाडं संपतात आणि ग्रासहॉपर क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात नुसतं सेजब्रश. गुडघ्याएवढं राखाडी झुडूप, क्षितिजापर्यंत. त्याच्याआड ससा लपेल, बावन्न वर्षांची बाई नाही. त्यात पाणी तर पीत राहायलाच हवं. पाणी कमी पिऊन प्रश्न टाळायचा, ही आपली जुनी सवय इथे महागात पडते. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, डोकं दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मी केलं ते असं. मोठी, गडद रंगाची ओढणी आणि दोन कपड्यांचे चिमटे. भाचा अर्धा किलोमीटर पुढे जाऊन तोंड पलीकडे करून उभा राहायचा. मी सायकल रस्त्याच्या कडेला आडवी न करता तारेला उभी टेकवायचे, ओढणी हँडल आणि सीटला चिमट्यांनी लावायची, झाला आडोसा. त्या रस्त्यावर वाहन दोन मैलांवरून दिसतं आणि त्याआधी ऐकू येतं, त्यामुळे वेळ भरपूर असतो. कागद तिथे टाकायचा नाही, झिपवाल्या पिशवीत घालून बरोबर न्यायचा. कुरण कोणाचं तरी असतं आणि वासरं काहीही खातात. पहिल्यांदा फार लाज वाटली. तिसऱ्यांदा मी ओढणी लावलीच नाही.

इथे एक फाटा दक्षिणेला बॅनॅकला जातो, चार मैल. १८६२ मध्ये या ओढ्यात सोनं सापडलं आणि दोन वर्षांत इथे मोंटाना प्रांताची पहिली राजधानी झाली. १८६४ च्या जानेवारीत गावाच्या शेरीफलाच, लुटारूंना सामील असल्याच्या संशयावरून, जमावाने फासावर चढवलं. आज ते ओसाड गाव जसंच्या तसं जपून ठेवलंय. मला जायचं होतं. पण पावणेदोन वाजले होते आणि पश्चिमेला ढगाचा बुंधा काळा होत होता. भाचा म्हणाला, "मावशी, तू ठरव." मी ढगाकडे बघितलं आणि सरळ निघाले. अजून चुटपुट लागते.

बॅजर पासच्या पायथ्याशी पहिला गडगडाट झाला. हा घाट छोटा, पण उघडा. झाड नाही, घर नाही, आणि सर्वांत उंच वस्तू म्हणजे आपण. लोखंडी तारेपासून लांब राहायचं, सायकलपासूनही लांब, खड्ड्यासारख्या खोलगट जागेत उकिडवं बसायचं, दोघांनी एकत्र नाही. हे पाठ होतं. पाठ असणं आणि तिथे बसणं यात फरक आहे. मी गुडघ्यांत डोकं घालून बसले, आणि का कोण जाणे, पालखी आता कुठे असेल याचा हिशेब करत होते. आषाढी सहा दिवसांवर होती. आमच्या ग्रुपची सायकल वारी माझ्याशिवाय होऊन गेली होती.

एक पिकअप थांबली. म्हातारा, मागे कुत्रा. काच खाली करून आत बसा म्हणाला. आम्ही ओल्या मांजरांसारखे शिरलो. वीस मिनिटं गाडी तिथेच उभी. पाऊस जेमतेम शिंतडला, पण विजा दोन टेकड्यांवर पडताना दिसल्या. तो गवताबद्दल बोलत होता: यंदा कापणी कधी धरायची, मजूर मिळत नाहीत, मुलगा सिअ‍ॅटलला असतो, परत येईलसं वाटत नाही. भाचा भाषांतर करत होता, पण हे शेवटचं मला भाषांतराशिवाय कळलं. जाताना त्याने पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. पैसे विचारायची माझी हिंमत झाली नाही. गुळ-शेंगदाण्याचे चार लाडू रुमालात बांधून दिले. एक त्याने लगेच तोडून कुत्र्याला दिला, उरलेले डॅशबोर्डवर ठेवले.

त्यानंतर सेजब्रशचा वास. भिजलेल्या सेजब्रशचा वास ओवा आणि कापूर एकत्र चुरडल्यासारखा येतो. त्या वासातून घाट चढलो आणि मग डिलनकडे लांबच लांब उतार. डावा हात ब्रेकवर, हे मनात घोकत. कडेला अधूनमधून पांढरे लोखंडी क्रॉस दिसतात. अपघातात माणूस गेला त्या जागी अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे लोक ते लावतात. एका खांबावर तीन क्रॉस होते. वेग कमी केला. दिवसभरात भेटलेल्या प्रत्येक गाडीवाल्याने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून नमस्कार केला होता. महामार्ग जवळ आला तशी ती बोटं बंद झाली, तेव्हा कळलं की गाव आलं.

सव्वासहाला डिलन. भाचेसून मोटेलच्या दारात, हातात थर्मास. आलं घातलेला चहा! खोली १२४ डॉलर, कपडे धुवायचे पाच. शेजारच्या खोलीत पश्चिमेकडे निघालेली एक मुलगी होती, एकटीच, यॉर्कटाउनपासून आलेली. अस्वलांचा फवारा तिला देऊन टाकला. तिने विचारलं, उद्याच्या वाटेवर स्वच्छतागृह कुठे कुठे आहे? मी तिला ओढणी आणि चिमटे दाखवले. चिमटे तिने ठेवून घेतले.

विमानाचं तिकीट सोडून सायकलीच्या चार दिवसांचा खर्च दोघांचा मिळून ७१० डॉलर झाला. त्यात भाड्याची गाडी सगळ्यात महाग.

३१ जुलैला रुजू झाले. रुजू अहवालासोबत पासपोर्टच्या शिक्क्यांची प्रत आणि "भेट दिलेली ठिकाणे" असा रकाना. मी लिहिलं: मिझुला, हॅमिल्टन, सुला, विजडम, जॅक्सन, डिलन. आस्थापना शाखेतल्या भाऊंनी कागद वर करून बघितला.

"मॅडम, ही गावं मोठी आहेत का?"

"नाही हो."

"मग नातेवाईक कुठे राहतात?"

"बॉयझीला."

"मग तेच लिहा ना," म्हणाले, आणि बाकीच्या नावांवर रेघ मारून माझी सही घेतली.